पोरगं जंगलात चाललंय म्हणे

“तुला म्हणून सांगते, त्या खोक्यात तंबू होता.”

काकूंचं ‘तुला म्हणून सांगते’ आमच्या गल्लीत तीन घरं पलीकडे ऐकू जातं. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये छातीएवढी भिंत आहे. पलीकडे त्यांचं कढीपत्त्याचं झाड, अलीकडे माझी कपडे वाळत घालायची तार. एप्रिल संपत आला की नागपुरात भिंतीशी उभं राहून बोलायला वेळ दोनच, सकाळी आठच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर. ही सकाळची पाळी होती.

“कोणाच्या खोक्यात?”

“कोपऱ्यावरच्यांच्या गं. पोरगा नाही का आला पुण्याहून, नोकरी सोडून? कुरिअरवाला आला तर त्यांच्याकडे कुलूप. माझ्याकडे देऊन गेला. मी काही उघडून नाही पाहिलं बाप्पा. पट्टी एका बाजूनं सुटलीच होती.”

“मग?”

“मग काय, जंगलात राहायला जाऊन राहिला तो. फिरायला नाही, राहायला. कायमचा! त्याची आई काल रडून राहिली होती माझ्याजवळ. म्हणतो, मला माणसं नको, मोबाइल नको, काही नको. अगं, आमच्या ह्यांना फॉरेस्टात रिटायर होताना जेवढा पगार नव्हता तेवढा याला लागल्या लागल्या होता. तो सोडून हा मुलगा कंदमुळं खाणार!”

मी ओला टॉवेल तसाच हातात धरला. खरं सांगायचं तर मला ही बातमी अगदीच नवी नव्हती. त्या मुलानं माझ्या लेकीला एक पुस्तक वाचायला दिलं होतं, असंच सगळं सोडून गेलेल्या एका मुलाचं. लेकीनं ते उघडलं नाही आणि मी दोन रात्री जागून संपवलं. तेव्हाच मनात आलं होतं की याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

“काकू, तुम्हाला एका अमेरिकेतल्या पोराचं सांगू का? याच वयाचा होता. असाच गेला.”

“कोणाचा?”

“मॅककँडलेसांचा क्रिस्टोफर.”

“आपल्यातला नाही म्हणजे,” असं म्हणून काकूंनी सुपातल्या लाल मिरच्या भिंतीवर ठेवल्या आणि देठं खुडायला घेतली. याचा अर्थ, सांग.

“वडील इंजिनिअर, नासात काम केलेले. घर वॉशिंग्टनजवळ, व्हर्जिनियात. पोरगा हुशार. १९९० साली अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून चांगल्या मार्कांनी पदवीधर झाला. आईवडिलांना वाटलं, आता वकिली शिकेल. त्याच्या नावावर शिक्षणाचे म्हणून चोवीस हजार डॉलर शिल्लक होते. तेव्हाच्या भावानं चार लाख रुपये. ते त्यानं सगळे दान करून टाकले. उपाशी लोकांना जेवू घालणारी संस्था आहे ना, ऑक्सफॅम, तिला.”

“सगळे?”

“सगळे. आणि गाडीत बसून निघाला. घरी पत्ता नाही की फोन नाही.”

“आईला पण नाही सांगितलं?”

“आईची पत्रं येत राहिली तर पत्रं परत जातील आणि घरच्यांना लवकर कळेल, म्हणून टपालात सांगून ठेवलं होतं की एक ऑगस्टपर्यंत माझी पत्रं तुमच्याकडेच ठेवा. ऑगस्टात सगळी पत्रं एकदम घरी परत आली. तोवर आईवडील स्वतः अटलांटाला जाऊन आले होते. खोली रिकामी, बाहेर ‘भाड्याने देणे’चा बोर्ड.”

काकूंचा हात थांबला. “हे मात्र वाईट केलं. पैसे दान करायचे ते कर बाबा. पण पत्राची अशी व्यवस्था करून जाणं म्हणजे चांगलं बसून, विचार करून केलेलं काम आहे. रागात निघून गेला असं नाही म्हणता येत.”

हे मला पुस्तक वाचताना सुचलं नव्हतं. काकूंचा या विषयातला अधिकार मोठा आहे. गल्लीतली चार पळून गेलेली लग्नं त्यांनी आधी ओळखली होती.

“गाडी पुढे अॅरिझोनात पुराच्या पाण्यात अडकली, तिथेच टाकली. जवळच्या नोटा जाळल्या...”

“जाळल्या! मग पोट कसं भरलं?”

“तेच तर. कुठे बर्गरच्या दुकानात नोकरी, कुठे धान्याच्या कोठारावर हमाली. साउथ डाकोटा नावाच्या राज्यात शेतकऱ्यांमध्ये राहिला तर त्यांनी त्याला घरातलाच समजला. दोन वर्षं असाच फिरला. नाव पण बदललं, अलेक्झांडर म्हणवून घ्यायचा. काकू, मौज अशी की माणसं नको म्हणून निघालेल्या या पोराला जाईल तिथे माणसं चिकटली. वाळवंटात एक ऐंशी वर्षांचे आजोबा भेटले. त्यांची बायको आणि एकुलता मुलगा फार वर्षांपूर्वी अपघातात गेलेले. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यानं उडवलं होतं. त्या आजोबांनी याला चामड्याचं काम शिकवलं, पट्टा करायला शिकवला, जेवू घातलं, आणि एक दिवस विचारलं, मी तुला दत्तक घेऊ का? नातू म्हणून.”

“मग?”

“म्हणाला, अलास्काहून परत आलो की बोलू.”

“म्हणजे नाही,” काकू म्हणाल्या.

“पुढे ऐका. जाताना त्यानं आजोबांना लांबलचक पत्र पाठवलं. तुम्ही असे एका जागी बसून काय राहता, घर सोडा, बाहेर पडा, असा उपदेश. बावीस-चोवीस वर्षांच्या मुलाचा ऐंशीच्या म्हाताऱ्याला! आणि त्या म्हाताऱ्यानं ऐकलं. घरसामान आवरून ठेवलं, गाडी घेतली आणि हा पोरगा पूर्वी जिथे वाळवंटात मुक्काम करायचा, तिथेच जाऊन राहिला. त्याची वाट पाहत. महिनेच्या महिने. शेवटी रस्त्यात कोणा दोन मुलांना गाडीत घेतलं, त्यांच्या बोलण्यातून कळलं की तो मेला. चर्चला जाणारे, देवाला मानणारे होते ते. त्या दिवशी देवाचा आणि त्यांचा संबंध संपला.”

काकू काही वेळ बोलल्या नाहीत. ही दुर्मिळ गोष्ट आहे म्हणून नोंदवते.

या पुस्तकात नायक तो मुलगा आहे, सिनेमातही तोच. २००७ साली शॉन पेननं सिनेमा काढला आणि जगभरच्या पोरांनी तो पाहून पाठीला पिशव्या लावल्या. मला मात्र सगळ्या पुस्तकातून लक्षात राहिले ते हे आजोबा. जाणारा जातो, त्याला जाण्याचा एक कैफ तरी असतो. त्याच्या सांगण्यावरून जो मागे थांबला, त्याचं काय करायचं? ज्यांना ‘सगळं सोडून जावंसं वाटतं’, त्यांच्यापैकी एकालाही मी या आजोबांबद्दल बोलताना ऐकलेलं नाही.

“मेला कसा?” काकूंनी मुद्द्यावर आणलं.

“२८ एप्रिल १९९२. एका इलेक्ट्रिशियननं त्याला आपल्या गाडीतून अलास्कातल्या जंगलाच्या तोंडाशी सोडलं. वाटेत तो सारखा समजावत होता की बाबा, अजून बर्फ आहे, तुझी तयारी नाही, चल तुला सामान घेऊन देतो. हा ऐकेना. जवळ काय होतं? साडेचार किलो तांदूळ, एक हलकी बंदूक, पुस्तकं. शेवटी त्या माणसानं स्वतःचे रबरी बूट आणि डबा दिला. यानं आपलं घड्याळ, कंगवा आणि खिशातले पंच्याऐंशी सेंट त्याच्या गाडीत ठेवले. नकाशा पण तिथेच राहिला.”

“साडेचार किलो? माझ्या नणंदेकडचे आले तर चार दिवस पुरत नाही. तोही नुसता भात, वरण नाही.”

“बंदुकीनं खारी, पक्षी, साळिंदर मारून खायचा. आणि राहायचा कुठे, तर बसमध्ये.”

“जंगलात बस कुठून आली?”

“फेअरबँक्स शहराची जुनी सिटी बस होती, १४२ नंबरची. १९६१ साली तिथे रस्त्याचं काम निघालं, तेव्हा मजुरांना राहायला म्हणून ठेकेदारानं ओढून आणली. आत बिछाने, पिंपाची शेगडी. काम बंद पडलं, बस तिथेच राहिली. शिकारी लोक वापरायचे.”

काकू हसायला लागल्या. “म्हणजे समाज सोडून गेला आणि जाऊन बसला सिटी बसमध्ये!”

पलीकडच्या व्हरांड्यातून काकांनी पेपर खाली केला. काका छत्तीसाच्या छत्तीस वर्षं फॉरेस्टात होते, पण बोलायची सवय त्यांना तिथेही लागली नाही आणि घरी तर वावच नाही. “इथे असा राहिला तर गार्ड पहिल्या आठवड्यात धरेल,” ते म्हणाले. “राखीव जंगल आहे. १९२७ चा कायदा आहे. चूल पेटवली की गुन्हा.” आणि पेपर पुन्हा वर गेला.

“हे त्याच्या आईला सांगितलं पाहिजे,” काकू लगेच म्हणाल्या. “सरकारी भीती दाखवली तर ऐकतील पोरं. बरं, मग?”

“जूनमध्ये त्यानं मूस मारला. आपल्या सांबराच्या जातीचा, पण घोड्याहून मोठा. एवढं मांस, एकटा जीव. टिकवायचं कसं ते नीट माहीत नाही. कोणीतरी सांगितलं होतं म्हणून धूर द्यायला बघितलं. तिकडचे जाणते म्हणतात की पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर वाळवायला हव्या होत्या. माश्या बसल्या, अळ्या पडल्या, सगळं कोल्ह्या-लांडग्यांना टाकावं लागलं. फार पस्तावला. डायरीत लिहिलंय त्यानं तसं.”

“वाळवण एकट्यानं होतच नाही,” काकू म्हणाल्या. त्यांच्या गच्चीवर त्या दिवशी कुरडया होत्या आणि राखायला शेजारचा नातू बसवला होता. “एकानं कापायचं, एकानं पसरायचं, एकानं कावळे हाकलायचे. आमच्या माहेरी ढिवर मासे वाळवतात तर अख्खं घर लागतं कामाला.”

“जुलैत मात्र त्याला पुरे झालं. सामान आवरून परत निघाला. आणि नदी आडवी आली. टेक्लानिका. येताना बर्फाळ, उथळ होती, चालत ओलांडली होती. आता दुथडी भरून.”

“जुलै म्हणजे पावसाळाच की.”

“पावसाचं नाही काकू, बर्फाचं पाणी. आपल्या नद्या उन्हाळ्यात आटतात, तिकडच्या उन्हाळ्यात फुगतात. वर हिमनदी वितळते ना. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि तिथून थोडं खाली, अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, नदीवर तार होती, पाळण्यात बसून पलीकडे जाता येईल अशी. पाणी मोजणाऱ्या सरकारी लोकांनी बसवलेली. नकाशा असता तर दिसली असती.”

“किंवा कोणाला विचारलं असतं तर,” काकू म्हणाल्या. “नदी ओलांडायची तर आमच्याकडे लहान पोर पण आधी घाटावर विचारतं, पाणी कुठे आहे. वैनगंगेनं किती नेले.”

“परत बसमध्ये आला. तीस जुलैला डायरीत लिहिलं की फार अशक्त झालोय, आणि दोष दिला कुठल्याशा बियांना. तिकडे एक रानबटाटा असतो, त्याची मुळं तिथले आदिवासी पिढ्यान् पिढ्या खातात. याच्याजवळ वनस्पतींचं पुस्तक होतं, त्यात मुळं खातात एवढं होतं. बियांना धोका आहे असं काही नव्हतं. यानं बिया खाल्ल्या. ऑगस्टच्या मध्यावर गेला. सहा सप्टेंबरला शिकाऱ्यांना सापडला. वजन उरलं होतं तीस किलो.”

काकूंनी देठं एका बाजूला सारली. “बियांत काय होतं?”

“तिथे तर मोठा वाद आहे. पुस्तक लिहिणारा जॉन क्राकॉर वीस वर्षं त्याच्या मागे होता. आधी म्हणाला, वेगळ्याच विषारी झाडाच्या बिया चुकून खाल्ल्या. मग म्हणाला, रानबटाट्याच्या बियांतच विष. २०१३ साली एक नवीन सिद्धान्त आला, आणि तो वाचताना मला तुमचीच आठवण झाली. म्हणे बियांत जे द्रव्य आहे ते आणि लाखेच्या डाळीतलं एकच.”

“आपल्या लाखोळीतलं?” काकूंचं माहेर नवेगावबांधकडचं. धानाच्या बांधीत ओल असतानाच लाखोळी फेकायची, हे त्यांच्या लहानपणीचं चित्र. “अगं, आमच्याकडे म्हणायचेच की नुसती लाख खाल्ली की पाय जातात. सरकारनं बंदी घातली होती नाही का?”

“१९६१ साली. विकायला बंदी. पण पेरणारे पेरत राहिले.”

“पेरणारच. दुसरं काय येतं तिथे त्या दिवसांत? पण आम्ही काय रोज खात होतो? वडे करायचे, भाजी करायची पाल्याची, बाकी तुरीचं वरण असायचं. ज्याच्या घरी दुष्काळात दुसरं काहीच नसायचं, महिनोन् महिने तीच तीच, त्याचे पाय गेले. लाखेनं नाही मारलं, गरिबीनं मारलं.”

मी गप्प झाले. कारण क्राकॉरनं जो शोध दिला होता त्यातही हेच होतं. चांगल्या जेवत्या माणसाला जे बाधत नाही ते उपाशी, अशक्त तरुणाला लोळवतं. हा शोध लागला तो दुसऱ्या महायुद्धातल्या एका छळछावणीच्या हकिगतीवरून. तिथे ज्यू कैद्यांना हीच डाळ खायला घालत आणि पायांतलं बळ गेलेले कैदी पाहून आतल्याच एका डॉक्टरनं ओळखलं. (पुढे तपासणीत त्या अलास्काच्या बियांत लाखेचं द्रव्य निघालं नाही, दुसरं एक निघालं. आणि अलास्कातले पुष्कळ लोक आजही म्हणतात, कसलं विष घेऊन बसलात, उपाशी मेला तो, सरळ. मलाही तेच पटतं. पण लाखोळीचा धागा भंडारा-गोंदियापासून तिकडे बर्फापर्यंत जावा, हे भिंतीवरच्या गप्पांत सांगायला मिळालं याचं सुख वेगळं.)

“मग त्या बसचं काय झालं?” काकूंना वस्तूंची काळजी.

“लोक दर्शनाला जायला लागले.”

“हे आलंच!”

“देशोदेशीची पोरं. तीच नदी ओलांडून. एक बाई २०१० साली वाहून गेली, दुसरी २०१९ साली, नवीन लग्न झालेली. कितीकांना शोधपथकं पाठवून आणावं लागलं. शेवटी २०२० साली सैन्याच्या हेलिकॉप्टरला बांधून बस उचलून नेली. आता फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.”

“ज्या शहरातून आली तिथेच परत गेली म्हण की.” काकू भिंतीवर दोन्ही कोपर टेकून उभ्या राहिल्या. मिरच्या संपल्या होत्या, गप्पा नव्हत्या. “पण एक सांग, कोणी जगलाच नाही का असा? आपल्याकडे तर एवढे गेले. समर्थ बोहल्यावरून पळाले.”

“ते टाकळीला राहिले बारा वर्षं. पण दुपारची मधुकरी मागायला वस्तीतच जायचे ना? आणि जगला म्हणाल तर एक जगला. सत्तावीस वर्षं! त्याचंही नाव क्रिस्टोफरच. क्रिस्टोफर नाइट.”

“नावातच असेल काही.”

“वय वीस. अमेरिकेतच, मेन राज्य, अगदी वर ईशान्येला. १९८६ साली नोकरी सोडून गाडीनं जंगलाशी आला, किल्ली गाडीतच ठेवली आणि आत चालत गेला. २०१३ साली सापडला. मधल्या काळात माणसाशी एक शब्द बोलला, एका वाटसरूला ‘हाय’ म्हणाला, तेवढाच. उणे पंचवीस-तीस अंश थंडी आणि शेकोटी एकदाही पेटवली नाही, धूर दिसेल म्हणून. कडाक्याच्या रात्री गोठून मरू नये म्हणून मध्यरात्री उठून फेऱ्या मारायचा.”

“आणि खायचा काय?”

मला याच प्रश्नाची वाट होती. “चोरून.”

“म्हणजे?”

“तळ्याकाठी लोकांचे सुट्टीचे बंगले होते. रात्री जायचा. वर्षाला चाळीसेक चोऱ्या, सगळ्या मिळून हजारावर. पाकिटातले मॅक्रोनी, मिठाई, बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या, गाद्या, पुस्तकं. तंबूखाली जमीन सपाट करायला नॅशनल जिऑग्राफिकचे गठ्ठे पुरले होते. आणि पकडला कुठे, तर अपंग मुलांच्या शिबिराच्या स्वयंपाकघरात.”

“अरे देवा! कुलपं कशी काढायचा?”

“जंगलात जाण्याआधीची नोकरी सांगू? घरांना चोराची घंटा बसवून द्यायची.”

काकू एवढ्या हसल्या की काकांनी पुन्हा पेपर खाली केला. हसणं ओसरल्यावर त्यांनी निकाल दिला. “म्हणजे एकानं लोकांनी टाकलेल्या बसमध्ये जाऊन जीव दिला आणि दुसऱ्यानं लोकांच्या फडताळावर दिवस काढले. एकटा असा कोणी राहिलाच नाही. अगं, तुम्ही शहरातले लोक जंगल म्हणजे रिकामं समजता. आमचा नवेगावचा तलाव, सात डोंगरांच्या मध्ये. बघणारा म्हणतो, काय निसर्ग आहे! तो निसर्ग नाही बाई, तो कोलू पाटील कोहळ्यानं बांधलाय. तीनशे वर्षं झाली. फॉरेस्टातले चितमपल्ली साहेब होते तिथे. माझा भाऊ लहान होता, सांगतो अजून. केवढे विद्वान, पण पाखराचं नाव ढिवराला विचारायचे आणि गावच्या माधवराव पाटलांबरोबर तासन्‌तास बसायचे. जंगलात पुष्कळ वर्षं राहिलेला माणूस हा असा, जास्तच बोलका होतो.” त्यांनी व्हरांड्याकडे नजर टाकली. “एखादा सोडून.”

“आमटे पण गेलेच की हेमलकशाला,” मी म्हटलं. “१९७३ साली. ना रस्ता, ना वीज.”

“ते माणसांसाठीच गेले. तो तंबूवाला म्हणतो, माणसं नको.” आणि मग काकूंनी कधी नव्हे तो आवाज खाली आणला. “ते त्या पोराचं सांगितलंस ना, पत्राचं. घरचं काय होतं त्याच्या?”

“बहिणीनं २०१४ साली पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं, घरात मारहाण होती. वडिलांची पहिली बायको, तिची मुलं, तो संसार आणि हा संसार एकाच वेळी चालू होता, हे त्याला मोठेपणी बाहेरून कळलं. आईवडिलांना हे मान्य नाही. पहिलं पुस्तक आलं तेव्हा तिनंच लेखकाला सांगितलं होतं, पण लिहू दिलं नव्हतं.”

काकू कढीपत्त्याच्या फांदीकडे बघत राहिल्या. “कोपऱ्यावरचे साहेब रात्री टीव्ही मोठ्यानं लावतात ना?”

“हो. अकरा-साडेअकरापर्यंत.”

“तो टीव्ही नसतो.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं ही बाई सगळ्या गल्लीचं सगळ्यांना सांगत आली आणि हे एक तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

“त्याची आई माझ्याजवळ रडून राहिली होती म्हटलं ना,” त्या म्हणाल्या, “ते पोरगं जाऊन राहिलं म्हणून नाही रडत होती. म्हणे, जाऊ दे त्याला काकू, तुम्ही थांबवू नका. पण जागा बरी पाहून द्या.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“आधी तू अमेरिकेत होतीस ना!” आवाज पुन्हा नेहमीच्या पट्टीत आला. “हे बघ, मोह संपला. पहाटे मोह वेचायला तर त्याला पाठवलाही नसता, अस्वलं येतात मोहावर, आमच्याकडच्या बायासुद्धा घोळक्यानंच जातात. पण तेंदूपत्ता आता सुरू होईल. दहा-पंधरा दिवसांचं काम. पहाटे चारला निघायचं, दहापर्यंत पानं तोडायची, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे. सत्तर पानांचा एक पुडा. माझा भाऊ आहे, भावजय आहे, त्यांची म्हातारी आहे. राहू दे त्याला तिथे. ओसरी आहे, विहीर आहे. तेंदू झाला की पेरणी, मग रोवणी. माणसं नको म्हणतो ना, कोणी त्याला काही विचारणार नाही. तिथे कामाच्या दिवसांत कोणाला वेळ आहे विचारायला?”

“तो ऐकेल?”

“जंगलच आहे म्हणावं. घरामागून सुरू होतं.” काकूंनी पदराला हात पुसून कमरेचा मोबाइल काढला. डोळ्यांपासून लांब धरून भावाचा नंबर शोधला आणि कानाला लावला. पलीकडे घंटी वाजत असताना त्यांनी फोन बाजूला करून मला विचारलं, “ए, मासे खातो का गं तो? नाहीतर माझ्या भावजयीची पंचाईत व्हायची, आता तलाव आटत आला की तिच्याकडे रोज मासोळीच... हॅलो! अरे, मी बोलून राहिली. आवाज येऊन राहिला का?”